तुमच्या घराला लोक काय म्हणायचे?

आम्ही डब्लिनमध्ये राहतो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, हे आधीच सांगून टाकते, कारण यावरून पुढे आयर्लंडमधल्या एका बाईंचा चांगलाच गोंधळ उडाला. आमच्या डब्लिनमध्ये आयर्लंडची खूण म्हणून जिथे तिथे तीन पानांचं हिरवं चित्र काढलेलं असतं, आणि आमच्या गल्लीत राहतात दोन तेलुगू कुटुंबं, एक गुजराती, एक पंजाबी आणि आम्ही. खराखुरा आयरिश वंशाचा माणूस मला इथे भेटला तो थेट व्याही म्हणून. लेकीनं जावई आणला, जावयाबरोबर त्याचे वडील आले.

व्याही सज्जन माणूस. सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. साबुदाण्याच्या खिचडीवर त्यांचा भारी जीव. दोष एकच, त्यांना माझं नाव घेता येत नाही. माझ्या नावात मधोमध ळ बसलाय. त्यांच्या तोंडी तो कधी ल होतो, कधी र होतो, कधी गायबच होतो. आणि मी या बाबतीत भयंकर खडूस आहे. उभं आयुष्य या देशात काढलं, पण कुणी नाव चुकीचं घेतलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. डेंटिस्टनं तोंडात नळी घातलेली असताना मी त्याला ळ शिकवलाय. नवरा म्हणतो, "अगं, जाऊ दे ना." मी जाऊ देत नाही.

व्याह्यांची मोठी बहीण क्लीव्हलंडजवळ एका नर्सिंग होममध्ये होती. नव्वदीची, पण डोकं लख्ख. जावयाची आत्या, म्हणून आम्हीही सगळे तिला आत्याबाईच म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, आता उपचार नको, शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी हॉस्पिसची माणसं येऊन बघतील. व्याही तिला भेटून आले. खिचडीला हातसुद्धा लावला नाही, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "तिला एकच गोष्ट हवी आहे, आणि तीच मला देता येत नाही."

ती गोष्ट अशी. या दोघांची आजी, वडिलांची आई, पोरवयात एकटी बोटीनं आयर्लंडहून आली. परत कधी गेली नाही. आत्याबाईंना तिनंच वाढवलं, आत्याबाईंचं नावही तिचंच ठेवलेलं. म्हातारपणी आजी खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "तिकडे आता मला कोण ओळखतंय? विसरले असतील." आत्याबाई हे ऐकत लहानाच्या मोठ्या झाल्या. आता त्या स्वतः खिडकीशी पडून होत्या आणि भावाला विचारत होत्या, आजी नक्की कुठली रे? ती गेल्यावर तिकडे कुणी तिची आठवण काढली का?

बाईला माहेर विसरलं म्हणजे काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

नवरा लगेच कामाला लागला. तो रिटायर्ड सॉफ्टवेअरवाला, त्याला एक्सेल उघडायला निमित्तच हवं असतं. आजीच्या माहेरच्या आडनावाचे नाना अवतार निघाले. बोटीवरच्या कारकुनानं एक लिहिलं, लग्न लावणाऱ्या पाद्र्यानं दुसरं, जनगणनेच्या माणसानं तिसरं, आणि थडग्याच्या दगडावर चौथंच. पुढे ओ लावलेलं, ओ न लावलेलं, मध्ये उगाच एच घुसलेलं. आजीला लिहिता येत नव्हतं, मग ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. मला याचं काही नवल वाटलं नाही. माझ्या चुलतभावानं सनीव्हेलला पोचल्या पोचल्या आडनावामागचा 'कर' कापून टाकला, आणि आमच्या घरात नवऱ्याच्या आडनावात दोन ए आहेत आणि माझ्या आडनावात एक. एका छपराखाली आम्ही दोन घराणी नांदतोय.

तर दर रविवारी जेवणं झाली की व्याही आणि नवरा डायनिंग टेबलवर दोन लॅपटॉप मांडून बसायचे. एकेक स्पेलिंग घालायचे आणि प्रत्येकातून माणसांची जत्रा बाहेर पडायची. आजीच्या नावाच्याच ढिगानं पोरी, सगळ्या कॅथलिक, सगळ्या गरीब, सगळ्या बोटीवर. कौंटी कुठली ते तेवढं ठाऊक होतं, कारण ते दगडावर कोरलेलं होतं. पण कौंटी म्हणजे आपला जिल्हा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून अमुक आडनावाची एक मुलगी मुंबईला गेली, शोधा बघू, असा तो प्रकार. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये हिरव्या, पिवळ्या, लाल रकान्यांची होळी चालायची आणि क्लीव्हलंडहून बातमी यायची ती आत्याबाई आता अंथरुणावर उठून बसत नाहीत, आता जेवण कमी झालंय, अशी.

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी पोळ्या लाटत होते, आणि पलीकडे दोघं वाद घालत होते की एक टी धरायचा की दोन. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "अहो, ते आडनाव सोडा आता. तुमच्या आजीच्या घराला लोक काय म्हणायचे?"

व्याह्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी त्यांना माझं माहेर समजावून सांगितलं. कोकणातलं गाव, अर्ध्या गावाचं आडनाव एकच. त्यामुळे आडनावानं तिथे कुणी कुणाला ओळखतच नाही. ओढ्यावरच्या लाकडी पुलाला आमच्याकडे साकव म्हणतात, त्याच्याजवळ राहणारे ते साकवाकडचे. मग कुणी देवळामागचे, कुणी वरचे. आम्ही फणसाकडचे. तो फणस माझ्या जन्माच्या आधीच वादळात आडवा झाला, पण आम्ही आपले फणसाकडचेच. लग्नाची बोलणी असोत नाहीतर मयताला जाणं असो, पहिला प्रश्न हाच, कुठल्या घरातले? गावात हजार स्पेलिंगं चालतील, पण घर चुकलेलं चालत नाही.

व्याह्यांनी समोरची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "ती कधी कधी भट्टी म्हणायची. चुन्याची भट्टी. 'आम्ही भट्टीकडचे,' असं. आणि पुलाकडचे वेगळे, त्यांचा आमचा काही संबंध नाही, हे अगदी ठासून सांगायची."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "त्या वेबसाइटवर त्यासाठी जागाच नाही."

पुलाकडचे, म्हणजे आमचे साकवाकडचेच की. आणि त्यांच्याशी आमचाही काही संबंध नाही. मला एकदम हुरूप आला. नवऱ्याला म्हटलं, ते एक्सेल बंद कर आणि त्या कौंटीतल्या सगळ्या चर्चच्या ऑफिसांचे फोन नंबर काढून दे. तो म्हणाला, "अगं, ई-मेल करू ना, प्रॉपर." मी म्हटलं, ई-मेलनं कुणी कुणाचं घर शोधलंय का? आमच्या मित्रमंडळींतली निम्मी लग्नं मी फोनवर चौकशा करून जमवली आहेत. ॲन आर्बरच्या एका मुलाची माहिती काढत मी दोन-तीन फोनमध्ये सांगलीत त्याच्या आत्याच्या शेजारणीपर्यंत पोचले होते. मुलगा रागीट आहे हे तिनंच सांगितलं.

तिथली दुपार म्हणजे आमची सकाळ. सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी बसले. पहिल्या काही ऑफिसांत फार गोड बोलले आणि काही उपयोग झाला नाही. सगळ्यांचं एकच, आडनावाचं स्पेलिंग सांगा आणि ई-मेल करा. मी म्हणायची, स्पेलिंग राहू द्या, भट्टीकडचे कोण ते सांगा. ते पुन्हा म्हणायचे, स्पेलिंग सांगा. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला.

मग एक बाई भेटल्या. आवाजावरून माझ्याच वयाच्या, आणि हाताशी भरपूर वेळ असलेल्या. विचारलं, "कुठून बोलताय?"

"डब्लिनहून."

"डब्लिनहून? मग आवाज इतका लांबून का येतोय?"

हे निस्तरेपर्यंत आमची चांगली ओळख झाली. अमेरिकेतही एक डब्लिन आहे आणि तिथे भारतीय लोक राहतात, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी स्पेलिंग विचारलं नाही. विचारलं, "कुणाकडची म्हणालात?"

"भट्टीकडची. आणि पुलाकडचे वेगळे."

"आमच्या इथे पूल आहे, भट्टी नाही," त्या म्हणाल्या. "पण माझी जाऊ डोंगरापलीकडची आहे. तिचा नंबर घ्या. थोड्या वेळानं ती झोपते, आत्ताच करा."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. हीच तर आमची पद्धत. मी लगेच जावेला फोन लावला. जाऊबाई म्हणाल्या, "भट्टीकडचे ना? आहेत की. भट्टी कधीच ढासळली. ते आहेत."

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, तोंड सुरू झालं की थांबत नाही. घरात कोण कोण असतं? कर्ता कोण? वय किती? स्वतःची शेती आहे की कसायला घेतलेली? माणूस स्वभावानं कसा, पिणारा वगैरे नाही ना? जाऊबाईंनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. पन्नाशी उलटलेला माणूस आहे, गाई पाळतो, अबोल आहे, पीत नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं, पण त्याचं लग्न झालंय. मुलं मोठी आहेत."

पलीकडच्या खोलीत नवरा ऐकत होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी जाऊबाईंना समजावलं की माझी मुलगी सुखानं नांदतेय, मला फक्त त्याच्याशी बोलायचंय. नंबर मिळाला. पण मला वाटतं त्यांची खात्री काही पटली नाही.

त्याच दिवशी क्लीव्हलंडहून फोन आला की आता फार दिवस नाहीत. व्याही म्हणाले, आपण तिथूनच बोलू, तिच्यासमोर. मी म्हटलं, आधी मी एकटी बोलून बघते, मग ठरवू. त्यांनी मान हलवली. "तेवढा वेळ नाही." आणि मग गाडीत, बर्फाच्या ढिगांमधून जाताना, मधेच म्हणाले, "तो म्हणाला की आम्हाला अशी कुणी माहीतच नाही, तर?" हा सगळा उपद्व्याप माझा होता. म्हाताऱ्या बाईला शेवटी शेवटी हेच ऐकायला लागलं असतं की हो, विसरले, तर तिच्या आजीचं ते बोलणं मी माझ्या हातानं खरं करून दाखवलं असतं. मला तेव्हा खरंच भीती वाटत होती.

खोलीत आत्याबाई उशीला टेकून होत्या. फार लहान दिसत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या पांघरुणावर ठेवला. पलीकडून माणूस बोलला, तो खरंच अबोल होता. मी ओळख करून दिली. हो, म्हणाला, आम्ही भट्टीकडचे. व्याह्यांनी विचारलं, तुमच्या घरातून फार पूर्वी एक मुलगी अमेरिकेला गेली होती का? तो म्हणाला, "गेली असेल. इथून निम्मं गाव गेलं. आम्हाला कुणी कधी काही सांगितलं नाही."

आत्याबाईंनी डोळे मिटले. व्याही फोनकडे वाकले आणि उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी आजीचं नाव सांगितलं. आडनाव नाही, नुसतं नाव.

मग तो म्हणाला, "पुन्हा सांगा."

व्याह्यांनी पुन्हा सांगितलं.

"अमेरिकेतली?" तो म्हणाला. "अहो, ती तर आमच्या माळेत आहे."

मग तो माणूस जो बोलायला लागला तो थांबेना. त्याच्या लहानपणी रोज संध्याकाळी सगळं घर स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून जपमाळ म्हणायचं. माळ संपली की आजोबा एकेक नाव घेऊन वेगळी प्रार्थना सांगायचे आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. आजाऱ्यांसाठी, गेलेल्यांसाठी, पावसासाठी, आणि दर वेळी शेवटी, "अमेरिकेतल्या" अमुकसाठी. म्हणजे हिच्यासाठी. आजोबा गेल्यावर आई तेच म्हणायची, त्याच क्रमानं. ही कोण हे आईलाही माहीत नव्हतं. सासऱ्यांनी म्हटलं म्हणून ती म्हणायची. "मला तर वाटायचं," तो म्हणाला, "की ही कुणी संत असणार. अमेरिकेची संत. परीक्षेच्या आधी मी तिला वेगळं सांगायचो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काय आहे. आमच्या गावात देवळापुढे गाऱ्हाणं घालतात, तेच. देवाला सगळं एकेक करून सांगायचं, आणि गावानं मागून "व्हय महाराजा" म्हणायचं. मी इकडे आले तेव्हापासून माझे काका दर जत्रेला त्यात या चेडवासाठी, म्हणजे मुलीसाठी, एक ओळ घालायचे, "अमेरिकेक गेलेल्या आमच्या चेडवाक सुखी ठेव रे महाराजा." व्हय महाराजा. मी भर नर्सिंग होममध्ये रडायला लागले. नवरा टिश्यूचा डबा शोधत होता, व्याह्यांनाही तो हवा होता.

आत्याबाईंचे डोळे उघडले होते. त्यांनी बोट हलवून फोन जवळ आणायला सांगितला. "संत?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, पण मिश्कील. "मुला, ती आम्हाला लाकडी पळीनं मारायची."

पलीकडे तो मोठ्यानं हसला. मग आत्याबाईंनी विचारलं, "रोज म्हणायचात?"

"रोज, बाई. आई जाईपर्यंत. ते नाव मी अजून झोपेतसुद्धा म्हणेन."

"म्हण मग," त्या म्हणाल्या.

त्यानं म्हटलं. तोच सूर, तीच ओळ, शाळेतल्या पोरासारखी भरभर. आत्याबाईंनी ओठ हलवून साथ दिली. ते नाव त्यांचंही होतं.

आत्याबाई त्याच आठवड्यात गेल्या. व्याह्यांनी दगडावर त्यांच्या नावाखाली आयर्लंडमधल्या त्या गावाचं नाव घातलंय. उन्हाळ्यात जावई, लेक आणि नात त्यांना घेऊन तिकडे जाऊन आले. ढासळलेल्या भट्टीपुढे सगळ्यांचा फोटो आहे, त्यात गाईही आहेत. नातीनं मला विचारलं, "Aaji, are we the kiln people or the jackfruit people?" मी म्हटलं, दोन्ही, आणि पुलाकडच्यांपासून लांब राहायचं.

माझ्या गावात मात्र आता गाऱ्हाण्यात माझं नाव कुणी काढत नाही. काका गेले, चुलतभाऊ पुण्याला, सनीव्हेलला, जिकडे तिकडे. जत्रा होते, पण तिथे मला ओळखणारं कुणी उरलं नाही. मी हे कुणाला बोलून दाखवत नाही, पण वाटतं.

परवा भट्टीकडच्या माणसाचा फोन आला. आता तो अधूनमधून करतो, दोन वाक्यं बोलतो, गाईंचं सांगतो. म्हणाला, तुमच्या त्या फोननंतर बायकोनं माळ पुन्हा सुरू केली आहे, निदान रविवारी तरी. ते नाव आता दोनदा घेतो, एकदा तुमच्या व्याह्यांच्या आजीसाठी, एकदा आत्याबाईंसाठी.

मी म्हटलं, फार बरं वाटलं ऐकून.

"आणि त्यानंतर तुमचं," तो म्हणाला. "अमेरिकेतल्या म्हणून. बायको म्हणाली, जिनं फोन केला तिला कसं वगळायचं? आम्ही बरोबर म्हणतो का ते जरा ऐका."

आणि त्यानं माझं नाव घेतलं. पहिलं अक्षर चुकलं, शेवटचं चुकलं, आणि मधल्या ळचं जे काही झालं ते मला लिहूनही दाखवता येणार नाही. नवरा समोरच बसला होता. मी आता काय करते म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.